आठ तारा: घरातल्या फाइल-शेअरिंगचे नऊ महिने

फेब्रुवारीत यूएसबी पोर्टवाला राउटर घेतला आणि पंधरा दिवसांत चार जणांना तोच घ्यायला सांगितलं. मुख्यतः त्या चौघांसाठी हे लिहिते आहे, कारण तेव्हाचं माझं मत आता राहिलेलं नाही.

आमचं काम लग्नाच्या अल्बमचं. भाऊजी, म्हणजे माझे दीर, शूटिंग करतात आणि मी अल्बम लावते. एका लग्नाचा डेटा साधारण 40 जीबी. अमळनेरच्या जुन्या वस्तीत आमचं घर आहे. पुढचं धाब्याचं, पांढऱ्या मातीच्या दोन-दोन फूट भिंतींचं, आणि मागे परसात नंतर बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या. भाऊजी पुढे बसतात, मी मागे. वैशाखात स्लॅबखाली पंख्याचा वारासुद्धा भाजतो, धाब्याखाली मात्र दुपारीही बरं वाटतं. म्हणून डिस्क, राउटर वगैरे सगळं पुढेच ठेवायचं हे आधीच ठरलं होतं.

राउटरच्या मागे 2 टीबीची डिस्क लावली की दोन्ही लॅपटॉपवर फोल्डर दिसायचा. पेनड्राइव्ह घेऊन अंगणातून येरझारा बंद, याचंच इतकं अप्रूप होतं की वेगाकडे माझं लक्षच नव्हतं. मातीच्या भिंतीतून वाय-फायचा 5 गिगाहर्ट्‌झचा सिग्नल मागे पोहोचतच नाही, 2.4 वर सेकंदाला जेमतेम साडेतीन एमबी मिळायचे. म्हणजे एका लग्नाला तीन तासांहून जास्त. रात्री कॉपी लावून झोपायचं, सकाळी उठून बघायचं. चालायचं.

मग ऐन आखाजीच्या तोंडावर माझ्या लॅपटॉपवर विंडोज 11 चं 24एच2 अपडेट आलं आणि फोल्डर उघडेना. संदेश काय, तर तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे पाहुणा म्हणून प्रवेश देता येत नाही. घरात कसली आली संस्था! तीन लग्नांचे अल्बम डोक्यावर होते आणि मी दोन दिवस राउटर बंद-चालू करत बसले. कारण नंतर कळलं. या आवृत्तीपासून विंडोज प्रो समोरच्या यंत्राकडून प्रत्येक निरोपावर डिजिटल सही मागतं, आणि बिनपासवर्डाचा पाहुणा-प्रवेश मुळातच बंद ठेवतं. पासवर्डच नसेल तर सही कशाच्या जोरावर करणार? आमच्या राउटरला सही करता येत नव्हती, पासवर्ड लावूनही नाही.

कंपनीच्या ग्राहक सेवेला तीन वेळा फोन केला. पहिल्यांदा म्हणाले, राउटर रीसेट करा. दुसऱ्यांदा म्हणाले, डिस्क फॉरमॅट करा. ज्या डिस्कवर लोकांची लग्नं आहेत ती डिस्क! तिसऱ्यांदा सांगितलं की लॅपटॉपमधली सहीची अट काढून टाका, पाहुणा-प्रवेश सुरू करा आणि जमलं तर एसएमबी1, म्हणजे फाइल-शेअरिंगची जुनी पद्धत, पण चालू करून बघा. इथे माझा संताप अनावर झाला. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर संगणकांना कुलपं ठोकली ती याच एसएमबी1 मधल्या भगदाडातून, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोज तो भाग स्वतःहून बसवतच नाही. राउटरचं सॉफ्टवेअर सुधारायचं सोडून ग्राहकाला दार उघडं टाकायला सांगणं मला मान्य नाही. तक्रारीवर ‘निकाली’ असा शेरा मारून ते मोकळे झाले.

तयार नॅसची, म्हणजे नेटवर्कवर फाइली ठेवणाऱ्या पेटीची, चौकशी केली. डिस्क सोडून 15 हजारांच्या पुढे. त्यापेक्षा कपाटाखाली धूळ खात पडलेला जुना डेस्कटॉप काढला, तीच डिस्क त्यात बसवली आणि फोल्डर शेअर केला. ज्यांचं इथेच अडतं त्यांच्यासाठी दोन गोष्टी: नेटवर्कचा प्रकार खासगी ठेवा, आणि लॉगिनचा चार आकडी पिन इथे चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच लागतो.

फोल्डर उघडला, पण वेग आणखी घटला. डेस्कटॉपला मी वाय-फायचा डोंगल लावला होता, ती चूक. माझ्या लॅपटॉपमधून फाइल हवेतून राउटरकडे जाते आणि राउटरकडून पुन्हा त्याच हवेतून डेस्कटॉपकडे. एकच रस्ता, त्यावरून एकच माल दोनदा वाहायचा, मग वेग अर्धा होणारच. डोंगल काढून डेस्कटॉप आखूड वायरीने राउटरला जोडला. त्या दिवसापासून त्याच खोलीत बसणाऱ्या भाऊजींना वाय-फायवरच सेकंदाला 45 एमबी मिळू लागले. मला मागे भिंतीपलीकडे तेच रडगाणं.

म्हणून वायर मागेपर्यंत न्यायची ठरली. आप्पा जुन्या भिंतीला भोक पाडू देईनात, आणि त्यांचं बरोबरच होतं, ती माती एकदा सुटली की ढासळतच जाते. शेवटी झरोक्यातून काढून 20 मीटर वायर परसात आणली. गल्लीतल्या केबलवाल्याने टोकं बसवून दिली. वेग 11 एमबी. साडेतीनावरून 11 म्हणजे तासाभरात लग्न उतरतं, म्हणून मी महिनाभर खूश होते. कानबाईच्या सुट्टीत सहज नेटवर्कच्या सेटिंगमध्ये बघितलं, तर लिंकचा वेग सेकंदाला 100 मेगाबिट, म्हणजे फार तर साडेबारा एमबी. राउटर 1000 चा, लॅपटॉप 1000 चा, वायरीवर कॅट 6 हा 1000 ला पुरणारा दर्जा छापलेला. मग 100 का?

वायरीचं टोक उजेडात धरलं. पारदर्शक प्लगच्या आत तांब्याची फक्त चार टोकं चमकत होती: पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या खाचेत. नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी. निळी आणि तपकिरी जोडी वरच्या आवरणापाशीच कापून टाकलेली. केबलवाल्याला विचारलं तर म्हणे, “चार तारस्मा काम व्हई जास ताई, आठनी काय गरज शे?” नेट चालण्यापुरतं त्याचं खरं आहे, चार तारांत 100 चा वेग मिळतोच. गिगाबिटला, म्हणजे 1000 च्या वेगाला, मात्र आठही तारा लागतात. पैसे पूर्ण वायरीचे घ्यायचे आणि अर्धी कापून टाकायची, हे मला अजून पचलेलं नाही.

वायरीला प्लग दाबून बसवायचं साडेतीनशे रुपयांचं क्रिंपिंग टूल आणलं. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. पहिले दोन प्लग वाया गेले, तिसऱ्याला जमलं. लिंक 1000. चाळीस जीबी सात-आठ मिनिटांत उतरले, आता वेग अडतो तो फक्त जुन्या डिस्कपाशी.

बाकीचं थोडक्यात. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला आणि हा डेस्कटॉप 11 घेत नाही, म्हणून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकली. लिनक्सवर फोल्डर शेअर करणाऱ्या सांबा या प्रोग्रामसाठी पासवर्ड लॉगिनपासून स्वतंत्रपणे ठरवावा लागतो, हे कळेपर्यंत माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. वीज जाऊन आली की यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता बदलायचा, तो राउटरमध्ये कायमचा बांधून टाकला. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परतताच मशीन आपोआप सुरू होण्याची सोय असते, ती लावली. वीज 50 वॅट धरली तर दहा तासांत अर्धं युनिट, ते परवडतं.

भाऊबीजेला माहेरी, चोपड्याला गेले. भाऊ म्हणाला, ताई, नवीन कनेक्शन घेतलं तरी संगणकावर वेग 100 च्या वर जात नाही. त्याच्या राउटरची वायर उपसून प्लग बघितला. चारच तारा. टूल पिशवीत होतंच.