एकाच गावात दोन प्रयोग: रॅपचं हार्मनी आणि ओवेनचं न्यू हार्मनी

अमेरिकेत इंडियानातल्या वॉबॅश नदीकाठी जमीन तीच, घरं तीच, गिरण्याही त्याच. फरक माणसांचा.

धर्मोपदेशक जॉर्ज रॅपच्या जर्मन भाविकांनी १८१४ मध्ये गाव वसवलं. येणारा आपली मालमत्ता संस्थेला लिहून देई. शेतकरी, विणकर, कारागीर सगळे आधीपासून एकमेकांचे. लोकरी कापड आणि व्हिस्की बाहेर विकून रोकड येई. दोष एकच, पण जीवघेणा: १८०७ पासून पाळलेलं ब्रह्मचर्य. पुढची पिढीच नाही. जिथून आली त्या पेनसिल्व्हेनियाला परतलेली ही संस्था १९०५ मध्ये विसर्जित झाली.

ब्रिटिश गिरणीमालक आणि समाजसुधारक रॉबर्ट ओवेनने १८२५ मध्ये रॅपकडून गाव विकत घेतलं आणि सर्वांना आमंत्रण दिलं. निवड नाहीच. शेकडो लोक आले, कुशल हात थोडे. कामाचं मोल वहीत जमा व्हायचं, त्यावर दुकानातून सामान मिळायचं. ओवेन मात्र जूनमध्येच गाव सोडून गेला, तो जानेवारीत परतला. फेब्रुवारी १८२६ च्या गावाच्या संविधानाने सर्वांना समान ठरवलं, पण कोण किती राबतो हा वाद मिटला नाही. १८२७ मध्ये सारं मोडलं.

टिकाऊपणात रॅप सरस. तरी शाळा आणि भूशास्त्राचं काम ओवेनच्याच गावाने मागे ठेवलं, आणि ते मला अधिक मोलाचं वाटतं.