वायरगार्ड काही महिने वापरल्यावर: वायफाय सुटतं, सेशन नाही

सर्व्हरचं सगळं काम गेले काही महिने वायरगार्डवरूनच करतोय, म्हणजे आपलीच मशीन्स इंटरनेटवरून एन्क्रिप्ट करून जोडणाऱ्या व्हीपीएनवरून. सेटअप साधाच, एक छोटा भाड्याचा व्हीपीएस (व्हर्च्युअल सर्व्हर), लॅपटॉप, फोन आणि घरी रास्पबेरी पाय हा चिमुकला कॉम्प्युटर. स्पीडवर लिहिणारे ढिगाने आहेत, मला आवडलेली गोष्ट वेगळीय.

टीसीपी (इंटरनेटवर डेटा पोचवण्याची नेहमीची पद्धत) कनेक्शन ओळखतं दोन्हीकडच्या आयपी आणि पोर्टवरून, म्हणजे तुम्ही कोण आणि तुम्ही कुठे हे त्याच्या लेखी एकच, त्यामुळे घरचं वायफाय सोडून हॉटस्पॉटवर गेलात की टीसीपीवर चालणारं एसएसएच (सर्व्हरवर दुरून काम करायचं टर्मिनल) तिथेच गोठतं. वायरगार्डमध्ये ओळख म्हणजे प्रत्येक मशीनची पब्लिक की (एन्क्रिप्शनची उघड किल्ली), आणि बाहेरचा आयपी ही फक्त 'शेवटचं कुठून बोलला' एवढी नोंद. आधार नंबर तोच राहतो, पत्ता बदलतो, तसं. नव्या आयपीवरून नीट एन्क्रिप्ट केलेलं एक पॅकेट आलं की सर्व्हर ती नोंद आपणहून बदलतो. सर्व्हरवर 'डब्ल्यूजी शो' ही कमांड चालवून बघा, पीअरसमोरची (जोडलेल्या मशीनसमोरची) ४४ अक्षरांची की जागची हलत नाही, खालची एंडपॉइंटची, म्हणजे बाहेरच्या आयपीची, ओळ मात्र बदललेली असते. वायरगार्डच्या आतला आयपी, १०.०.०.२, तोच, म्हणून एसएसएचला पत्ताच लागत नाही काही झाल्याचा.

पुणे-मुंबई ट्रेनमध्ये तर याची खरी मजा. घाटातल्या बोगद्यांत रेंज जाते, टर्मिनल थिजतं, बाहेर आलं की टाइप केलेलं सगळं एकदम उमटतं. हां, लगेच नाही, कारण टीसीपी दर वेळी जास्त थांबून पुन्हा पाठवतं, लांबच्या बोगद्यानंतर जरा कळ काढावी लागते. तेवढाही धीर नसेल तर वरून मॉश (तुटक नेटवर्कसाठीचा एसएसएचसारखा प्रोग्राम) वापरा.

आता रडगाणं. सर्व्हरचाच पत्ता बदलला तर? घरच्या पायला डायनॅमिक डीएनएस (बदलत्या आयपीला एकच नाव देणारी सोय) लावलंय, पण वायरगार्ड ते नाव फक्त सुरू होताना एकदाच बघतं, मग राउटर रीस्टार्ट होऊन नवा आयपी मिळाला की लॅपटॉप आपला जुन्याच दारावर टकटक करत बसतो. डब्ल्यूजी टूल्ससोबत नाव पुन्हा शोधणारी स्क्रिप्ट येते, ती टायमरवर टाकायची. आणि दोन्ही टोकं एकदम हलली तर कोणीच कोणाला सापडत नाही, कारण मध्ये विचारायला कोणी नसतं. म्हणून तर व्हीपीएस घेतला, तो बिचारा एका जागी असतो, बाकीचे सगळे त्याच्याकडे येतात.

फोनवर कीपअलाइव्ह (ठरावीक वेळाने रिकामं पॅकेट पाठवणं) बंदच ठेवलंय, बॅटरीला बरं. पायवर २५ सेकंद, नाहीतर राउटरमधलं नॅट (कुठलं पॅकेट घरातल्या कुठल्या मशीनचं ही नोंद ठेवणारं) विसरतं त्याला.