थेरपी: सेंटरवर की घरी?

सिन्नरच्या एका ताईंचा प्रश्न: तीन वर्षांच्या लेकाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहणं) आहे, नाशिकला न्यायचं की घरीच व्यायाम घ्यायचे?

खर्चात घर स्वस्त. खासगी सेंटरची फी, एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, सगळं अंगावर येतं. पण सिव्हिलच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (लहान मुलांच्या अपंगत्वावर लवकर उपचार करणारं केंद्र) उपचार मोफत आहेत, आणि निरामय विमा (सेरेब्रल पाल्सीसारख्या अपंगत्वासाठीचा सरकारी आरोग्य विमा) वर्षाला १ लाखापर्यंतचा खर्च देतो, थेरपीही त्यात येते. तो आधी काढाच.

सातत्यातही घरच सरस. सेशन संपतं, उरलेला दिवस आईपाशी. भरवताना, अंघोळीला, खेळताना बाळाला कसं बसवता, कसं उचलता, त्यावर फार काही अवलंबून असतं.

मात्र घट्ट स्नायू जोरात ताणले तर इजा होते. खुब्याची तपासणी, स्प्लिंटचं (हातापायाला नीट स्थितीत धरणारा आधार) माप घरी जमत नाही.

निदान नवं असेल, फिट्स येत असतील, गिळताना ठसका लागत असेल, तर सेंटरच. व्यायाम नीट शिकून झालेत, हाताशी आजी किंवा आत्या आहे, मध्येमध्ये तपासणीला येता येतं, अशांनी घरी करावं.