इंजिन टेस्टसाठी पोझिशन : तयार संच की आपल्याच डावातल्या?

दर काही दिवसांनी कोणीतरी बुद्धिबळाची एखादी पोझिशन टाकतो, "स्टॉकफिशला पण सापडत नाही बघा", आणि बाकीचे आपापल्या लॅपटॉपवर लावून बसतात. टाइमपास म्हणून ठीकच आहे. पण दोन इंजिनं (म्हणजे बुद्धिबळ खेळणारे प्रोग्राम, स्टॉकफिश त्यातलंच एक) किंवा एकाच इंजिनाची दोन व्हर्जन्स ताडून बघायची असतील तर मुळात ती पोझिशन टेस्टच्या लायकीची आहे का हे आधी बघायला लागतं, आणि तिथे पर्याय दोनच, तयार संच उतरवा नाहीतर स्वतःच्या डावांमधून निवडा. मी दोन्ही करून पाहिलंय.

तयार संचाचं सुख म्हणजे डोक्याला ताप नाही. राइनफेल्डच्या पुस्तकातल्या ३००, ब्राट्को-कोपेक टेस्टच्या १९८२ च्या २४ पोझिशन्स, फाइल लावा आणि चहा प्या. पण राइनफेल्डच्या बहुतेक पोझिशन्स आजच्या इंजिनाला डोळ्याचं पातं लवायच्या आत सुटतात, मग दोघांत फरक दिसणार कुठून? ब्राट्को-कोपेकमधल्या निम्म्या तर प्याद्यांच्या शांत चालींच्या आहेत, तिथे बरोबर चाल कुठली यावरच वाद होऊ शकतो. जुनं सगळंच टाकाऊ आहे असंही नाही हां. रूबेन फाइनच्या एंडगेमवरच्या पुस्तकातली ती ७० नंबरची बघा, पांढऱ्याची चार प्यादी, काळ्याची तीन, सगळी एकमेकांत अडकलेली आणि हलणारे फक्त राजे. पांढरा राजा ए१ वरून बी१ ला गेला तरच जिंकतो. तीच ती पोझिशन वेगवेगळ्या वाटांनी परत परत येते, त्यामुळे हॅश टेबल (आधी तपासलेल्या पोझिशन्स लक्षात ठेवायची जागा) नीट चालत असेल तर इंजिन पटकन खोल जातं, नाहीतर चाचपडत बसतं. स्वतःचं इंजिन लिहिणाऱ्याने ही ठेवावीच.

माझं घोडं अडलं ते मात्र वेगळ्याच ठिकाणी. संचात 'बरोबर' म्हणून एकच चाल लिहिलेली असते आणि पोझिशनमध्ये जिंकणाऱ्या चाली असतात दोन. इंजिन दुसरी चाल खेळतं, डाव तितकाच जिंकतं, कधीकधी मात पण लवकर करतं, आणि मार्क शून्य! मग प्रत्येक 'चुकलेली' पोझिशन हाताने उघडून बघा, खरंच चुकली की उत्तरपत्रिकाच चुकलीये. दिवसभर ऑफिस, वर परतीची लोकल, आणि घरी येऊन हे तपासत बसायचं, मला तरी ते जमेना.

म्हणून हल्ली मी आपल्याच डावांमधले एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) उचलतो, दादर-पार्ल्याच्या छोट्या स्पर्धांमधले, माझे आणि मित्रांचे. मल्टी-पीव्ही (इंजिनाने किती सर्वोत्तम चाली दाखवायच्या ते सेटिंग) २ वर ठेवून इंजिन रात्रभर चालू सोडायचं आणि सकाळी दोन नंबरच्या चालीचा स्कोअर बघायचा. पहिली +६ आणि दुसरी +४ असेल तर काही उपयोग नाही, दोन्ही जिंकतातच. पहिली जिंकते आणि दुसरीत डाव बरोबरीत सुटतो, अशीच ठेवायची. राजांसकट सात किंवा कमी सोंगट्या असतील तर सिझिजी टेबलबेसवर (कमी सोंगट्यांच्या सगळ्या पोझिशन्सचे आधीच काढून ठेवलेले निकाल) पक्की खात्री होते, सातचा ऑनलाइन फुकट बघता येतो, पाचपर्यंतचा तर एक जीबीच्या आत घरीच बसतो. मग खरी टेस्ट टेबलबेस बंद करून घ्यायची, हे विसरू नका.

अजून एक म्हणजे इंजिनाने पहिल्या सेकंदापासून तीच चाल धरलेली असेल तर ती पोझिशन सोडून द्या, तिथे शोधण्यासारखं काही नव्हतंच. आधी दुसरी चाल, मग मत बदललं, स्कोअर चढला आणि तो टिकला, असं झालं तर इंजिनाला कारणही कळलंय म्हणायचं.

मेहनत जास्त आहे हे कबूल, आणि अशा मोजक्या पोझिशन्सवरून कुठलं इंजिन जास्त ताकदीचं हे ठरत नाही, त्यासाठी फिशटेस्टवर (स्टॉकफिशचे बदल तपासायची ऑनलाइन यंत्रणा) करतात तसे हजारो डाव खेळवायला लागतात. नुसती गंमत बघायची असेल तर तयार संच पुरे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण निकालावर विश्वास ठेवायचा असेल तर मी स्वतः निवडलेल्याच घेईन. फक्त काहीही घेतलं तरी थ्रेड (एकाच वेळी समांतर चालणारं काम) एकच ठेवा आणि सेकंद न मोजता नोड्स, म्हणजे इंजिनाने तपासलेल्या पोझिशन्स, मोजा. जास्त थ्रेड्सवर दरवेळी वेगळा वेळ येतो, आणि मे महिन्यात आमच्या घरात दुपारी लॅपटॉप असा तापतो की तेच इंजिन रात्रीपेक्षा हळू वाटतं.