बँकॉकमध्ये पाठीवरची बॅग कुठे उतरवायची: खाओ सान की याओवारात?

बँकॉकला स्वस्तात कुठे राहायचं असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: खाओ सान रोड. सल्ला वाईट नाही, पण तो 2019 पूर्वीचा आहे. त्या वर्षी मेट्रोची निळी मार्गिका जुन्या शहरात शिरली. वात मांगकोन, साम योत आणि सनाम चाय ही स्टेशनं सुरू झाली आणि याओवारात, म्हणजे तिथलं चायनाटाउन, एकदम सोयीचं होऊन बसलं. खाओ सानला मेट्रो तेव्हाही नव्हती, आजही नाही. म्हणून तीन-चार दिवस शहर बघायला जाणाऱ्याने आता हिशेब नव्याने मांडायला हवा.

उतरल्यापासूनच सुरुवात करू. मुंबईहून विमान साडेचार तासांत पोचतं आणि रात्रीचं विमान असेल तर तुम्ही पहाटे-पहाटे सुवर्णभूमी विमानतळावर तारवटलेल्या डोळ्यांनी उभे असता. तिथून याओवारातला जायला एअरपोर्ट रेल लिंकने मक्कासान गाठायचं, शेजारच्या पेचबुरी स्टेशनवर निळी मार्गिका पकडायची, की सरळ वात मांगकोन. ट्रॅफिकचा प्रश्नच नाही. खाओ सानसाठी विमानतळावरून एस-1 बस आहे, तिकीट 60 बाथ. बदलाबदली नाही, झोप काढता येते, पण ती दिवसाच धावते आणि सकाळी नऊच्या गर्दीत सापडलात तर किती वेळ लागेल हे ड्रायव्हरही सांगू शकणार नाही. डॉन मुआंग या दुसऱ्या विमानतळावर उतरणार असाल तर मात्र खाओ सानची ए-4 बस 50 बाथमध्ये सोयीची पडते.

आता ज्यासाठी जायचं ते ग्रँड पॅलेस. इथे खाओ सान थोडं पुढे आहे, हे मान्य करायला हवं. सनाम लुआंगच्या मोठ्या मैदानाच्या कडेने पंधरा-वीस मिनिटं चाललं की तुम्ही दारात. याओवारातहून दोन स्टेशनांवर सनाम चाय आहे खरं, पण राजवाड्याचं पर्यटकांचं दार उत्तरेला आणि स्टेशन दक्षिणेला. पांढऱ्या तटबंदीच्या कडेने जवळपास तितकंच चालावं लागतं, आणि त्या भिंतीला सकाळी नऊनंतर सावली शोधून सापडत नाही.

दार साडेआठला उघडतं, साडेतीनला तिकीटविक्री बंद. उघडतानाच पोचा, कारण राजवाड्याच्याच आवारातल्या पाचूच्या बुद्धाच्या मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांमध्ये रामकियेन, म्हणजे थाई रामायण, 178 चित्रचौकटींत रंगवलंय आणि गटांची गर्दी सुरू झाली की ते नीट बघता येत नाही. आपल्याला इथे गाइड लागत नाही. दहा तोंडांचा हिरवा तोत्सकान दिसला की रावण ओळखू येतो, सेतू दिसला की प्रसंग कळतो. फक्त हनुमानापाशी जरा थबकायला होतं. तो पांढराशुभ्र, आणि सेतू बांधताना रावणाच्या मत्स्यकन्या मुलीच्या, सुवन्नमच्छाच्या, प्रेमात पडणारा! समर्थांच्या अकरा मारुतींवर वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. दोन तास तरी हाताशी ठेवा.

राजवाडा सोडला तर पारडं फिरतं. वात म्हणजे मंदिर. वात फो सनाम चायपासून पाच-सात मिनिटांवर आहे; 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध तिथलाच. त्याच्या मागच्या बाजूला ता तियेन धक्का, तिथून होडी पकडून पलीकडे वात अरुण. चायनाटाउनच्या टोकाला वात त्रायमितमध्ये साडेपाच टन वजनाची सोन्याची बुद्धमूर्ती आहे. कित्येक वर्षं ती चुन्याच्या थराखाली दडलेली होती. 1955 मध्ये हलवताना थर फुटला आणि आतलं सोनं दिसलं. चातुचाकचा शनिवार-रविवारचा बाजारही याच निळ्या मार्गिकेवर येतो. खाओ सानहून या ठिकाणांना जायचं तर बस, टॅक्सी किंवा फ्रा आथित धक्क्यावरून नारिंगी झेंड्याची बोट. बोट छानच आहे, भाडंही किरकोळ. पण संध्याकाळी सहाला टॅक्सीवाला मीटर टाकायला नकार देतो तेव्हा बोटीची मजा आठवून उपयोग नसतो.

झोपेचं काय? खाओ सानच्या मुख्य रस्त्यावर ती विसराच. चारशे मीटरच्या त्या रस्त्यावर समोरासमोरचे दोन बार वेगवेगळी गाणी पूर्ण आवाजात लावतात आणि मधून फिरणारा माणूस तुमच्या नाकासमोर काडीवरचा तळलेला विंचू नाचवतो. तिकडेच राहायचं ठरलं तर मागच्या सोई रामबुत्री या गल्लीत किंवा कालव्यापलीकडे सामसेनच्या गल्ल्यांत खोली बघा. तिथे कुंड्या आहेत, मांजरं आहेत, बरीच शांतताही आहे. याओवारात रात्री बारानंतर निवतं, पण बाजारपेठ असल्याने पहाटे हातगाड्या खडखडायला लागतात. इथली हॉस्टेलं बऱ्याचदा जुन्या दुकानघरांत थाटलेली. जिने उभे आणि खोल्या बिनखिडकीच्या. बुक करताना खिडकी आहे का हे फोटोत नीट बघा.

खाण्याच्या बाबतीत आधी स्वतःला ओळखा. सगळं खाणाऱ्याला याओवारातसारखी जागा नाही. संध्याकाळी सहाच्या सुमाराला गाड्या लागतात: कालवांचं ऑम्लेट, मिरपुडीच्या झणझणीत रश्श्यातल्या गुंडाळलेल्या नूडल्स, काळ्या वाळूत भाजलेले चेस्टनट. सोमवारी मात्र बऱ्याच गाड्या बंद असतात, तेवढं लक्षात ठेवा. डुकराचं मांस न खाणाऱ्याला प्रत्येक गाडीवर विचारून घ्यावं लागेल, कारण बऱ्याच रश्श्यांचा पाया तोच असतो.

शाकाहारी माणूस सहसा खाओ सान निवडतो. तिथे इंग्रजी मेन्यू आहे, पनीर आहे, टोफू घातलेलं पाड थाई आहे. पण त्या पाड थाईतही नाम प्ला, म्हणजे मासळीचा सॉस, सहज पडतो. ‘माय साय नाम प्ला’ एवढं पाठ करून ठेवा. याओवारातमध्ये पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेलं दुकान शोधा. तिथे मांस-मासळी तर नाहीच, अंडं नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही. घरात चातुर्मास पाळणारं कुणी बरोबर असेल तर त्यांची इथे आपल्यापेक्षा चांगली सोय होते. साम योतजवळ फाहुरात ही भारतीय कापडबाजाराची पेठ आहे. तिथे गुरुद्वाराही आहे आणि भारतीय जेवणाची छोटी हॉटेलंही, तीही पर्यटकांपेक्षा दुकानदारांसाठी चालणारी.

पैशांचा फार काथ्याकूट करू नका. दोन्हीकडे डॉर्ममधली खाट साधारण 300 ते 500 बाथ. बाथ म्हणजे अडीच-तीन रुपये. स्वतंत्र खोली खाओ सानच्या मागच्या गल्ल्यांत जरा स्वस्त मिळू शकते. पण राजवाडा 500, वात फो 300, वात अरुण 200: एका दिवसात नुसत्या तिकिटांचे 1,000 बाथ होतात. त्यापुढे खाटेत 50 बाथ वाचवण्यासाठी गैरसोयीची जागा घेण्यात अर्थ नाही. जपायचं ते टुकटुकवाल्यांपासून. ‘आज राजवाडा बंद आहे, दुसरं मंदिर दाखवतो’ म्हणणारा तुम्हाला रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात नेऊन सोडतो, मग तुम्ही कुठेही राहत असा.

सुखुमवित भागाचं काय, असंही काही जण विचारतील. मॉल आणि हवाई मेट्रो हवी असेल तर जा. पण ती हवाई मेट्रो जुन्या शहरात येतच नाही आणि रोज सकाळी मंदिरांसाठी प्रवास करावा लागतो.

तेव्हा पहिल्यांदा जाणारा, शहर बघायला जाणारा, दिवसभर पायपीट करून रात्री झोपू इच्छिणारा असेल तर मी याओवारात सांगेन, आणि तेही वात मांगकोन स्टेशनपासून दहा मिनिटांच्या आत. एकटे असाल, गप्पांना चार देशांचे लोक हवे असतील, तर खाओ सान; एकट्या माणसाला तिथे ओळखी करायला एक संध्याकाळ पुरते. पुढे बेटांवर जाणार असाल तर दोन्ही करा. आधी याओवारात, शेवटची रात्र खाओ सान, कारण बस आणि फेरीबोटीची जोडतिकिटं विकणारे एजंट तिथेच आहेत आणि बऱ्याच गाड्याही तिथल्याच आसपासहून सुटतात. फक्त याओवारातच्या रात्रींत सोमवार येणार नाही असं बघा.