सात महिने नाइटगार्ड लावून झोपल्यावर

आधी कानच दुखतोय असं वाटलं. डाव्या कानापुढे ठणका, सकाळी जांभई दिली की 'कट्'. कानाचे डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहे, दातांच्या डॉक्टरांना दाखवा. आईचं निदान वेगळंच, "झोपेत दात खातोस, जंत झालेत." जंतांच्या गोळ्याही घेऊन झाल्या.

मिरजेतल्या डॉक्टरांनी कानांपुढे बोटं ठेवून तोंड उघडमीट करायला लावली. जबड्याच्या सांध्यात एक चकती असते. ती पुढे सरकलेली असली की तोंड उघडताना जागेवर येते, तोच हा 'कट्'. नुसता आवाज असेल तर काही करावं लागत नाही म्हणे. माझ्या तोंडात मात्र जेमतेम दोन बोटं जात होती, जायला हवीत तीन.

त्याआधी मी शहाणपणा करून ऑनलाइन मऊ नाइटगार्ड, म्हणजे झोपताना दातांवर चढवायचं कव्हर, मागवला होता. रात्रभर च्युइंगमसारखा चावला, दुखणं वाढलं. मग माप देऊन कडक अॅक्रिलिकचा करून घेतला. पहिला आठवडा लाळेने उशी भिजायची. निळा कागद चावायला लावून, जिथे जास्त टेकतं तिथे दोनदा घासून दिला, तेव्हा कुठे नीट बसला. धुवायचा गार पाण्यानेच, गरम पाण्याने वाकतो.

आज त्यावर ओरखडे दिसतात. म्हणजे दात खाणं थांबलेलं नाही, फक्त दातांऐवजी गार्ड झिजतोय. एवढ्याचसाठी घेत असाल तर पैसे वसूल.

दुखणं कमी झालं ते मात्र दिवसाची सवय बदलल्यामुळे. सांगलीच्या मार्केट यार्डात मी हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो. मार्चअखेरीस ताळा जुळेना की दाढा आवळलेल्या, आणि मला पत्ताच नाही! खाताना-गिळताना सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना लागायलाच नकोत, हे चाळिशीत कळलं. कॅल्क्युलेटरवर चिठ्ठी चिकटवली : 'ओठ मिटलेले, दात सुटे'. शेजारचा दिवाणजी अजून हसतो. जोडीला रोज दोनदा गरम फडक्याचा शेक, जांभई आली की हनुवटीखाली मूठ, आणि महिनाभर मऊ खाणं. दुधात कुस्करलेल्या भाकरीचं काही वाटलं नाही, पण सांगलीत राहून भडंग बंद म्हणजे शिक्षाच.

आता तीन बोटं जातात. 'कट्' अधूनमधून होतो, दुखत नाही. भडंग परत सुरू झालंय, वाटीभरच. ऊस मात्र अजून रसवंतीवरच.