कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा: पैसे परत मागायला कुठलं दार ठोठावावं?

गृहकर्ज मंजूर झालं की शाखेत कागदांचा गठ्ठा पुढे येतो आणि आपण सांगतील तिथे सह्या करत जातो. त्यातलीच एक सही 'लोन प्रोटेक्टर'ची, म्हणजे कर्जदार गेल्यास कर्ज फेडणाऱ्या विम्याची असते. मागितलेले असतात 30 लाख आणि खात्यावर कर्ज दिसतं 31 लाख 20 हजार. वरचे 1 लाख 20 हजार म्हणजे विम्याचा एकरकमी प्रीमियम. तो कर्जातच घातल्यामुळे त्यावर व्याजही चालू. 9 टक्के दर आणि 20 वर्षांची मुदत धरली, तर या विम्यापायी दरमहा सुमारे 1,080 रुपये जातात. शेवटच्या हप्त्यापर्यंत 2 लाख 59 हजार.

"विमा घेतल्याशिवाय लोन पास होत नाही" हे वाक्य ज्यांना ऐकवलं गेलं, त्यांना आधी एक सांगतो. अमुकच कंपनीचा विमा घ्या, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. मालमत्तेचा आगीपासून विमा उतरवा, असं बँक म्हणू शकते. जीवन विमा तिच्याच भागीदार कंपनीकडून घ्या, ही मात्र निव्वळ विक्री.

पॉलिसी किंवा विम्याचं प्रमाणपत्र हातात येऊन 30 दिवस झाले नसतील, तर इतर कुठल्याही मार्गाचा विचारच करू नका. 'फ्री लूक'चा, म्हणजे पॉलिसी पसंत नसल्यास या मुदतीत परत करण्याचा अर्ज थेट विमा कंपनीला ईमेलने पाठवा. फसवणूक सिद्ध करत बसावं लागत नाही. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा प्रीमियम कापून बाकी रक्कम परत मिळते. शाखेत विचारायला गेलात तर "साहेब रजेवर आहेत" यात दोन आठवडे सहज निघून जातात, म्हणून ईमेलच. पैसे कर्जखात्यात जमा होणार की बचत खात्यात, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून ठेवा.

एक अपवाद. घरात कमावणारे तुम्ही एकटेच असाल, वेगळा टर्म विमा नसेल आणि मधुमेह किंवा हृदयाचं दुखणं असेल, तर रद्द करण्याची घाई नको. नवा विमा सुरू होईपर्यंत हा महागडा विमाच तुमचा आधार.

30 दिवस उलटून गेले असतील तर प्रश्न असा, की खोटं नक्की कोण बोललं आणि कशाबद्दल?

पॉलिसीत काय आहे हेच चुकीचं सांगितलं गेलं असेल, तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निकाल देणारा अधिकारी. उदाहरणार्थ, संरक्षण पूर्ण मुदतीत सारखंच राहील असं सांगितलं आणि निघालं कर्जाबरोबर घटत जाणारं. किंवा ज्याचं स्वतःचं दुकान आहे, त्याला 'नोकरी गेल्यास हप्ते भरू' हे कलम विकलं, ज्याचा दावा तो जन्मात करू शकणार नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवरही ती नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, की वर्षाच्या आत लोकपालाकडे जायचं. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही, समूह विम्याच्या (अनेकांचा मिळून एकाच पॉलिसीत उतरवलेल्या) तक्रारीही चालतात. मुख्य म्हणजे निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. पटला नाही तर पुढे ग्राहक आयोग मोकळा.

सक्ती बँकेने केली असेल, किंवा न विचारता रक्कम कर्जात घातली असेल, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. इथेही आधी बँकेकडे तक्रार, 30 दिवस वाट, मग रिझर्व्ह बँकेचं तक्रारींचं सीएमएस पोर्टल. इथलं सर्वांत धारदार हत्यार म्हणजे 'की फॅक्ट स्टेटमेंट', कर्जाच्या अटी आणि सगळा खर्च एकत्र मांडणारं पत्रक. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या किरकोळ कर्जांत हे पत्रक द्यावंच लागतं. विम्यासारखे तिसऱ्यासाठी वसूल केलेले पैसे त्यात वेगळे दाखवून वार्षिक खर्चाच्या दरात धरावे लागतात. पत्रकात नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. त्यामुळे पत्रकात विमा नसेल आणि खात्यात असेल, तर तुमची बाजू भक्कम. पण संमतीच्या रकान्यात तुमची सही असेल आणि सक्ती फक्त तोंडी झाली असेल, तर इथे फार आशा धरू नका.

कर्ज गृहवित्त कंपनीचं असेल तर तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे जाते. पतसंस्थेचं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दादच नाही. तिथे सहकार खात्याचे उपनिबंधक किंवा ग्राहक आयोग.

ग्राहक आयोग हा लांबचा रस्ता. ई-जागृती या त्याच्या पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येतं, 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, तुमच्या राहत्या जिल्ह्यातच दावा चालतो. एका सेवेसाठी दुसरी घ्यायला लावणं याला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात निर्बंधात्मक व्यापारी प्रथा म्हटलंय, आणि बँक व विमा कंपनी दोघांनाही एकाच दाव्यात ओढता येतं. पण तारखा पडतात. 50 हजारांच्या प्रीमियमसाठी मी आधी लोकपालच निवडेन. फक्त आयोगाची दोन वर्षांची मुदत टळू देऊ नका. आणि एक लक्षात असू द्या: आयोगात प्रकरण चालू असताना त्याच तक्रारीवर लोकपाल हात लावत नाहीत, म्हणून क्रम उलटा करू नका.

ब्रिटनमध्ये असाच विमा 'पीपीआय' (पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स) नावाने विकला गेला. 2011 मध्ये बँका न्यायालयात हरल्या आणि 29 ऑगस्ट 2019 या शेवटच्या तारखेपर्यंत दावे येत राहिले. परतावा गेला 38 अब्ज पौंडांवर. त्यातला मोठा वाटा दावे लावून देणाऱ्या कंपन्यांनी खाल्ला, इतका की 2018 मध्ये त्यांच्या फीवर 20 टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. आपल्याकडे असं सरसकट काही झालेलं नाही, ज्याचं त्यानेच भांडायचं. पण 'पॉलिसीचे पैसे काढून देतो' म्हणणारे फोन मात्र येतात. अशांना आगाऊ एक रुपयाही देऊ नका. जे काम ते विकतात, ते दोन्ही लोकपालांकडे फुकट होतं.

कुठल्याही दारात जाण्याआधी बँकेकडून तीन कागद लेखी मागा: की फॅक्ट स्टेटमेंट, विम्याच्या प्रस्ताव अर्जाची प्रत आणि मंजुरीपत्र. प्रस्ताव अर्ज नीट पाहा. उत्पन्न, व्यवसाय, आजार हे रकाने कोणाच्या अक्षरात भरलेत, आणि मोबाईल नंबर तुमचाच आहे का? बहुतेक वेळा तक्रारीचा खरा मुद्दा तिथेच सापडतो.